विंडोज ११चा नवा स्टार्ट मेनू: दिवसभर मराठी टाइप करणाऱ्यांना कसा पडतो

फोंड्यात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, जत्रेच्या पत्रिका, नाटकांची हँडबिलं, मुंजी-लग्नाची आमंत्रणं असलं सगळं काम. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि आमची मशिनं ११वर गेली. ११वर बाकीचे रिव्ह्यू ढीगभर आहेत, मी एकाच गोष्टीवर लिहितोय, दिवसभर मराठीत टाइप करणाऱ्याला हवा तो प्रोग्राम पटकन सापडतो का.

कारण व्हिडिओवाले सगळे एकच सांगतात, मेनूबिनू सोडा, विंडोजचं बटण दाबा आणि नाव टाइप करा. इंग्रजीत काम करणाऱ्याला ते शंभर टक्के खरं आहे आणि फास्ट पण आहे. पण आमच्याकडे कीबोर्ड इनस्क्रिप्टवर असतो, म्हणजे प्रत्येक कळेला देवनागरीचं ठरलेलं अक्षर. अशा वेळी सवयीने पेंट या चित्रं काढायच्या प्रोग्रामचं इंग्रजी स्पेलिंग मारलं की सर्चमध्ये उमटतं "जोगलू", पी दाबला की ज, ए ला ओकार, आय ला ग, एन ला ल आणि टी ला दीर्घ उकार. पेंट काही येत नाही. मग ते खोडा, विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदला, परत टाइप करा, आणि पत्रिकेवर परत आल्यावर भाषा पुन्हा मराठी करा. दिवसातून एकदा ठीक आहे, पण कोरलड्रॉ, पेजमेकर, कॅल्क्युलेटर, स्कॅनर असं सारखं इकडून तिकडे करणाऱ्याला हे झेपत नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांना प्रोग्राम जागेवरूनच सापडायला हवा, आणि ती जागा हलता कामा नये. मी मेनूला मार्क देतोय ते यावरच.

११ पहिल्यांदा ऑक्टोबर २०२१मध्ये आलं तेव्हाचा मेनू या हिशेबात कमीच पडत होता. १०मध्ये डावीकडे पूर्ण यादी आणि उजवीकडे टाइल्स, दोन्ही एकदम समोर. ११मध्ये टाइल्स गेल्या, वर पिन केलेले, म्हणजे आपण कायमचे लावून ठेवलेले आयकॉन, खाली अलीकडे उघडलेल्या फायली वगैरे दाखवणारा रेकमेंडेडचा भला मोठा पट्टा, आणि सगळ्या प्रोग्रामची यादी एका बटणामागे वेगळ्या पानावर. आमच्याकडे टायपिंग करणाऱ्या ताईंनी नवीन मशिनवर बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच केला, "दादा, आधीची ती यादी खंय गेली?" आता नोव्हेंबर २०२५पासूनच्या अपडेटमधून जो नवा मेनू यायला लागला त्यात यादी त्याच पानावर खाली आलीय, स्क्रोल केलं की झालं. हा बदल मला मनापासून आवडला. यादी तीन प्रकारे दिसते, कॅटेगरी, ग्रिड आणि साधी लिस्ट, आणि आपण जी शेवटची ठेवली ती मेनू लक्षात ठेवतो. कॅटेगरी बघायला छान आहे पण गट मेनू स्वतःच पाडतो, आपल्याला "छपाई" म्हणून एखादा गट करता येत नाही, आणि ज्यांचा गट पडत नाही ते सगळे "इतर"मध्ये जाऊन बसतात. कामाच्या मशिनवर लिस्टच ठेवा.

रेकमेंडेड मात्र दुकानात नकोच. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असतं, मेनू उघडला की मगाशी उघडलेल्या दुसऱ्याच्या फायलींची नावं समोर, कोणाचा आधार फॉर्म, कोणाच्या लग्नाची यादी, हे बरं दिसत नाही. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, स्टार्ट इथे जाऊन ते बंद करता येतं आणि नव्या मेनूत तो पट्टा पूर्ण जातो, जागा मोकळी होते. पण एक लक्षात घ्या, फायली दाखवायचं जे बटण आहे त्यालाच फाइल एक्सप्लोररमधल्या रिसेंट फायली आणि टास्कबारवरच्या (स्क्रीनच्या खालच्या पट्टीवरच्या) आयकॉनवर राइट क्लिक केल्यावर येणारी फायलींची यादी पण बांधलेली आहे. म्हणजे कोरलच्या आयकॉनवर राइट क्लिक करून कालची पत्रिका उघडायची सवय असेल तर ती सोय पण जाते. हे दोन वेगळे ठेवायला हवे होते, कारण पहिलं लोकांपासून लपवायचं आहे आणि दुसरं आपल्या कामाचं आहे. आम्ही काउंटरच्या मशिनवर बंद केलं, आतल्या मशिनवर चालू ठेवलं.

पिनवाला भाग चांगला आहे. एक आयकॉन दुसऱ्यावर ओढला की फोल्डर होतो आणि त्याला मराठीत नाव देता येतं, "पत्रिका", "स्कॅन", "हिशेब" असे फोल्डर केले की नवीन मुलगीसुद्धा न विचारता कामाला लागते. सगळे पिन कायम उघडे दिसावेत असं बटण त्याच सेटिंगमध्ये आहे, ते चालू करा, नाहीतर थोडेच दिसतात आणि बाकीच्यांसाठी अजून एक क्लिक. टास्कबारचे आयकॉन मधोमध असतात आणि नवीन प्रोग्राम उघडला की सगळे थोडे थोडे सरकतात, हाताला लागलेली जागा त्यामुळे चुकते, म्हणून टास्कबारच्या सेटिंगमधून डावीकडे करून घ्या.

आणि मराठीवाल्यांसाठी सगळ्यात कामाचं, विंडोज बटणाबरोबर आकडा. टास्कबारवर पहिला कोरल असेल तर विंडोज आणि १, दुसरा पेजमेकर तर विंडोज आणि २. याला कीबोर्ड मराठीत आहे की इंग्रजीत काही फरक पडत नाही. ताई आता मेनू उघडतच नाहीत, नेहमीचे पाच-सहा प्रोग्राम आकड्यांवरच. शिवाय टायपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायचा पर्याय आहे, तो चालू केला की पत्रिकेची खिडकी मराठीत राहते आणि बाकीच्या इंग्रजीत, सारखं बदलावं लागत नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क रेकमेंडेडच्या त्या बटणासाठी कापला, आणि एक पूर्ण मार्क सर्चसाठी. मराठी कीबोर्डवर मारलेल्या त्याच कळा इंग्रजीत वाचल्या तर पेंटच होतो, आणि एवढं मशिनला ओळखता यायला हवं, इतकी माणसं देवनागरीत काम करतात या देशात.