सालामांकातील यजमान घर: चार आठवड्यांच्या जेवणाचे परीक्षण

जुन्या गोव्यात गाईड म्हणून काम करताना स्पेनहून आलेल्या मंडळींशी इंग्रजीतून बोलावे लागते, ही खंत मला अनेक वर्षे होती. बॉम जीझस बॅसिलिकेत ज्यांचे अवशेष आहेत ते सेंट फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये आजच्या स्पेनमधील नावारा प्रांतात, हाविएर येथे जन्मले, त्यामुळे ही माणसे आपल्याच गावच्या कुणाला भेटायला आल्यासारखी येतात आणि त्यांना त्यांच्या भाषेत दोन शब्द सांगता यावेत असे मनापासून वाटते. पणजीत पोर्तुगीज शिकलो होतो, त्या आधारावर गेल्या जुलैत मी चार आठवड्यांसाठी सालामांकाला स्पॅनिश शिकायला गेलो. वर्गाबरोबर ‘यजमान घर, तिन्ही जेवणांसह’ अशी सोय शाळेकडून घेता येत होती आणि ती मी घेतली. हे परीक्षण त्या सोयीचे आहे. वर्ग चांगले होते, एवढेच त्यांच्याविषयी सांगून पुढे जातो.

घर प्लासा मायोर या मुख्य चौकापासून चालत वीस मिनिटांवर होते. यजमानीण बाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या. मी त्यांना दोन दिवस ‘उस्तेद’ म्हणजे ‘तुम्ही’ म्हणत राहिलो, तेव्हा ‘या घरात सगळे तूच म्हणतात’ असे त्यांनी सांगितले. नव्याने ओळख झालेल्या वडीलधाऱ्या बाईंना एकेरीत हाक मारणे आपल्या जिभेला जड जाते, पण तिथे तो आपलेपणा असतो हे हळूहळू कळले. पहिल्या संध्याकाळी त्यांनी घराची किल्ली हातात देत ‘यावे’ हा शब्द उच्चारला. आपल्या ‘चावी’चे मूळ पोर्तुगीज ‘शावे’ आणि स्पॅनिश ‘यावे’ हे एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत. पोर्तुगीजमधला पाऊस ‘शूवा’ आणि स्पॅनिशमधला ‘यूविया’ यांचेही नाते तसेच. हे सूत्र लक्षात आल्यावर कितीतरी शब्द आपोआप उलगडत गेले.

जेवणाच्या वेळांची तयारी मनाने आधीच करावी लागते. सकाळी कॉफी आणि भाजलेल्या पावावर ऑलिव्ह तेल व किसलेला टोमॅटो, दुपारचे जेवण अडीचला, रात्रीचे साडेनऊनंतर. स्पेन १९४० पासून मध्य युरोपच्या घड्याळाने चालतो आणि सालामांका देशाच्या पश्चिमेला आहे, म्हणून जुलैत तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. दिवसच पुढे सरकलेला असल्यामुळे ताटही पुढे सरकते. दुपारी दुकाने बंद होतात याचे मात्र म्हापसा किंवा मडगावच्या माणसाला नवल वाटणार नाही. अकराच्या सुट्टीत बटाट्याच्या जाड ऑम्लेटचा, म्हणजे तोर्तीयाचा, एक तुकडा पावासोबत खाल्ल्याशिवाय अडीचपर्यंत तग धरता येत नाही. हा खर्च ‘तिन्ही जेवणां’त धरलेला नसतो.

आता तक्रार. मी मासे आणि अंडी खातो, मांस खात नाही, आणि सोमवारी पूर्ण शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतो. हे सगळे मी अर्जात तपशीलवार लिहिले होते. यजमानीण बाईंपर्यंत त्यातले फक्त ‘कार्ने’, म्हणजे मांस, नको एवढेच पोहोचले. पहिल्या दुपारी हिरव्या शेंगांच्या भाजीत डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, हामोनचे, बारीक तुकडे होते. त्यात बाईंचा दोष नव्हता. तिथल्या रोजच्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर मांसाचा ताजा तुकडा येतो, हामोन येत नाही, आणि सॅलडवर ट्यूना मासा घालणे तर कुणाला सांगण्यासारखेही वाटत नाही. दोष शाळेचा होता, कारण परदेशी विद्यार्थी ठेवण्याचा तिचा रोजचा व्यवसाय आहे आणि हा फरक तिला ठाऊक असायलाच हवा. सहलीच्या दिवशी डब्यात पुन्हा हामोनचाच पाव आला, तेव्हा मी कार्यालयात जाऊन लेखी तक्रार केली. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पैशांचा विषय काढला नाही.

त्यानंतर बाईंनी जे केले त्यासाठी मात्र मी कायम ऋणी राहीन. सालामांकाच्या उत्तरेला आर्मुन्या नावाचा टापू आहे आणि तिथली मसूर नावाजलेली आहे. दाणा शिजून मऊ होतो, पण सालीसकट अखंड राहतो. एरवी ती चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, घालून करतात. बाईंनी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात गाजर, तमालपत्र, लसूण आणि धुरावर सुकवलेल्या लाल मिरचीची पूड घालून शिजवली. नारळ सोडला तर ते आपले कडधान्याचे तोंडाकच होते. वाढताना त्या एक यमक जुळवलेली म्हण म्हणाल्या, तिचा अर्थ असा की मसूर हवी तर खा, नको तर ठेव. मी दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या आठवड्यात खारवलेला बाकालाव, म्हणजे कॉड मासा, आला. तो दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो, हे त्या मला ओट्याजवळ उभे करून दाखवत होत्या, तेव्हा मी त्यांना आमच्या पुरुमेताविषयी सांगितले: पावसाळ्याआधी सुके मासे, मीठ, मिरची घरात भरून ठेवायची, कारण ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. भिजवणे, खारट उतरवणे, साठवणे ही क्रियापदे मी त्या एका दुपारी शिकलो. आईच्या फोंड्यातल्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगता सांगता, वर्गात आठवडाभर अडलेला भूतकाळही सुटला.

जेवणानंतर टेबलावरच बसून रेंगाळत बोलण्याला तिथे ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये याच शब्दाचा अर्थ जेवणानंतरचा गोड पदार्थ असा आहे, तेव्हा गोव्याहून जाणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा. माझ्या मते या सोयीचे खरे मोल या एका तासात आहे. बाहेर ‘मेनू देल दिया’ बारा ते पंधरा युरोत मिळतो, त्यात दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी फळ किंवा कॉफी येते आणि चवही चांगली असते. पण तिथे आपण वर्गमित्रांबरोबर बसतो आणि इंग्रजी बोलतो.

रात्रीचे जेवण, ज्याला तिकडे ‘थेना’ म्हणतात, मला अपुरे वाटले. सूप, थोडे चीज, एखादे फळ. रविवारी रात्री तेही नव्हते, आणि ही अट करारात बारीक अक्षरांत होती. स्वयंपाकघर वापरायला परवानगी नसल्यामुळे चार आठवड्यांत मला स्वतःच्या हातचा भात एकदाही करता आला नाही, याचे वाईट वाटले.

पुन्हा गेलो तर मी तिन्ही जेवणांऐवजी अर्धी सोय घेईन आणि त्यात रात्रीचे नव्हे, दुपारचे जेवण मागेन. अर्जाच्या भरवशावर न राहता घरात पाऊल टाकताच ‘नो कोमो कार्ने, नी हामोन, नी काल्दो दे कार्ने’ असे स्वतः सांगेन, कारण मांसाच्या उकळलेल्या पाण्याचा, म्हणजे काल्दोचा, उल्लेख आपण केला नाही तर सूपमध्ये तो हमखास असतो. शिवराक सोमवारसाठी ‘लोस लुनेस, नी पेस्कादो नी ग्वेवोस’, म्हणजे सोमवारी मासे नको आणि अंडीही नकोत, हे वाक्य कागदावर लिहून बाईंच्या फ्रिजवर लावले होते. ते शेवटच्या सोमवारपर्यंत तिथेच होते.