१०,००० लक्सचा दिवा: परदेशात शिकायला चाललेल्या सोलापूरकरांसाठी रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. हा रिव्ह्यू आहे लाइट थेरपी लॅम्पचा, म्हणजे जिथं हिवाळ्यात उजेडच नसतो तिथं सकाळी समोर ठेवून बसायचा तो पांढरा दिवा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). मी ब्रिटनमध्ये, स्कॉटलंडच्या ग्लासगोला शिकते, पहिला हिवाळा दिव्याशिवाय काढला, दुसरा दिव्यासोबत, आत्ता सुट्टीला सोलापुरात आलेय आणि आल्यापासून सप्टेंबरला जाणारी पोरं-पोरी आणि त्यांचे आईवडील विचारतायत की बाई काय काय न्यायचं. सगळ्यांच्या यादीत तेच, थर्मल, जर्किन, लोकरीचे मोजे, दोन चादरी, शेंगा चटणी, कडक भाकरी. न्या, सगळं न्या, चादर तर नक्की न्या. पण ही झाली थंडीची तयारी. थंडीचं तिथं तेवढं काही वाटत नाही हो, खोलीत हीटर, बसमध्ये हीटर, लायब्ररीत तर स्वेटर काढून बसावं लागतं. त्रास होतो तो अंधाराचा, आणि त्याची तयारी करून इथून कुणीच जात नाही कारण असं काही असतं हेच आपल्याला माहीत नसतं.

आता बघा, सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तरेला, ग्लासगो जवळपास ५६ अंशांवर. २१-२२ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा आपल्याकडे सातच्या आत सूर्य उगवतो आणि मावळतो सहाच्या सुमाराला, झाले की अकरा तास. ग्लासगोला त्याच दिवशी पावणेनऊला उगवणार आणि पावणेचारला मावळणार, सात तास फक्त, आणि त्या सात तासांत पण ढग, पाऊस, आणि तुम्ही आत लेक्चरला बसलेले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात त्या दिवशी तर संध्याकाळ एकदम अंगावर येते. घरच्यांशी वेळेचा फरक पण साडेचार तासांचा साडेपाच होतो, म्हणजे तुम्ही मोकळे होईपर्यंत सोलापुरात झोपायची वेळ झालेली असते.

पहिल्या हिवाळ्यात मला काय व्हायचं ते सांगते कारण बऱ्याच जणांना तेच होतं आणि कुणी बोलत नाही. झोप संपायचीच नाही, उठलं तरी डोकं जड, अंगात शिसं भरल्यासारखं, सारखं ब्रेड बटाटा बिस्किटं खावीशी वाटायची, आंघोळीला जायचा कंटाळा, पुस्तक उघडलं की तीच ओळ परत परत. आणि घरून फोन आला की "बरी आहे, अभ्यास आहे, ठेवते". बाबा विचारायचे थंडी फार आहे का गं, मी नाही म्हणायची आणि ते खरंच होतं. आत्या म्हणाली एवढं तिकडं जाऊन शिकायला मिळतंय आणि कसलं उदास वाटतं तुला. तिचा राग नाही मला, ज्या गावात मे महिन्यात माणसं सावली शोधत चालतात तिथं ऊन नाही म्हणून माणूस आजारी पडतं हे कुणाला पटणार?

पण पडतं. ह्याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर म्हणतात, त्याचं पहिलं नीट वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. हे रोझेंथाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, भरपूर उन्हाच्या देशातले, अमेरिकेत आल्यावर हिवाळ्यात स्वतःचीच ताकद गेल्यासारखी झाली म्हणून त्यांचं ह्याकडे लक्ष गेलं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, म्हणजे मी आळशी झाले नव्हते. नेहमीच्या डिप्रेशनमध्ये बऱ्याचदा झोप आणि भूक उडते, ह्यात बहुतेक वेळा उलटं, दोन्ही वाढतं. अर्थात हा आजार आहे असं डॉक्टर म्हणतात तेव्हा ते कमीत कमी दोन वर्षं त्याच ऋतूत तेच होतंय का हे बघतात, त्यामुळे पहिल्याच नोव्हेंबरला स्वतःला आजाराचं लेबल लावून घेऊ नका. त्याच्या खालच्या पायरीवरची जी उदासी असते, तिथं लोक विंटर ब्लूज म्हणतात, ती पण पुरेशी त्रास देते.

आता दिवा. माझा साधारण वहीएवढा चपटा पॅनल आहे, आत एलईडी, मागं स्टँड, उजेड कमीजास्त करायला टच बटण. चाळीस पौंडांच्या आत मिळाला, म्हणजे आपले चारेक हजार, मोठे चांगले दिवे ह्याच्या तिप्पट-चौपट किमतीला पण आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण ह्या किमतीतले बरेचसे दिवे सारखेच असतात आणि नावापेक्षा दुसरी एक गोष्ट बघणं जास्त गरजेचं आहे, ती म्हणजे अंतर.

हे नीट वाचा, पैसे वाया जातात ते इथंच. खोक्यावर मोठ्या अक्षरात १०,००० लक्स लिहिलेलं असतं पण ते किती अंतरावर हे आत बारीक अक्षरात असतं. लहान दिव्यात तो आकडा डोळ्यापासून पंधरा-वीस सेंटीमीटरवरचा असतो, आणि माणूस टेबलाच्या पलीकडं ठेवून बसतो, तिथं पोचेपर्यंत उजेड कितीतरी कमी झालेला असतो. माझ्या कागदावर २० सेंटीमीटर लिहिलंय, एवढ्या जवळ धरून चहा पण पिता येत नाही, म्हणून मी थोडा लांब ठेवते आणि वेळ वाढवते. हिशोब सोपा आहे, १०,००० लक्स असेल तर अर्धा तास, ५,००० ला एक तास, २,५०० ला दोन तास. बजेट असेल तर मोठा पॅनल घ्या, तो फूट-दीड फुटावरून पण पुरेसा उजेड देतो आणि माणूस सरळ बसून खाऊ शकतो. घ्यायच्या आधी यूव्ही फिल्टर केलेला आहे का बघा. त्यात अतिनील किरण नसतात म्हणूनच तो डोळ्यांना चालतो, आणि त्याच कारणानं त्याच्यातून व्हिटॅमिन डी अजिबात मिळत नाही, त्याच्या गोळ्या वेगळ्या. ब्रिटनमध्ये सरकारचाच सल्ला आहे की हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम घ्या, आणि आपल्यासारख्या सावळ्या रंगाच्या लोकांनी तर वर्षभर घ्यायचा विचार करावा म्हणतात. आपल्याकडं मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आठवड्याला एक वाल्या मोठ्या डोसच्या गोळ्या कुणाला न विचारता बरोबर नेऊ नका.

वापर कसा, तर उठल्या उठल्या तासाभराच्या आत. दिवा समोर पण जरासा तिरका, टक लावून बघायचं नाही, डोळे मात्र उघडे हवेत कारण काम डोळ्यातूनच होतं. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी सकाळ झाली हा निरोप मेंदूतल्या घड्याळाला देतात आणि झोप आणणारं मेलॅटोनिन हे हार्मोन आवरतं. त्यामुळेच संध्याकाळी लावला की रात्रीची झोप गेली. माझं रूटीन असं बसलं की साडेसातला दिवा, चहा, कडक भाकरी आणि चटणी, आणि आईला व्हिडिओ कॉल. तिथले साडेसात म्हणजे घरी दुपारचा एक, आई भाकऱ्या आवरून बसलेली असते. आईला पण सवय लागली, मी उशीर केला की तिचाच फोन, "दिवा लावलीस का?" खरं सांगते, दिव्याचा अर्धा गुण ह्या ठरलेल्या वेळेत आहे असं मला वाटतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काही कळत नाही, डोकं जरा दुखतं, तेव्हा उजेड कमी करून सुरुवात करा. आठवडा-दीड आठवड्यानं मला सकाळी जाग यायला लागली, दुपारच्या लेक्चरला डुलक्या बंद, आणि मुख्य म्हणजे आंघोळ, स्वयंपाक, कपडे ही रोजची कामं डोंगराएवढी वाटायची बंद झाली. आनंदानं उड्या मारल्या असं नाही, पण दिवस हातात आला. दिव्याच्या तक्रारी म्हणाल तर स्टँड हलका आहे, वायर ओढली की पडतो, आणि दर वेळी चालू केला की सगळ्यात कमी उजेडावर सुरू होतो, झोपेत हे लक्षात येत नाही, रोज बटण दाबून वाढवायला लागतं. शेअरिंगची खोली असेल तर रूममेटशी आधी बोला, तो उजेड फार पांढरा असतो.

काही लोकांनी हा दिवा स्वतःच्या मनानं घेऊच नये. बायपोलर, म्हणजे मन कधी फार खाली कधी फार वर जायचा आजार असेल तर उजेडानं मॅनिया, म्हणजे ते वरचं टोक, सुरू होऊ शकतो, डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल किंवा उजेडाची अ‍ॅलर्जी वाढवणारं औषध चालू असेल तर आधी डॉक्टर. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, भरलेलेच असतात ना, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, मग गेल्या गेल्या जीपीकडं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदवा, स्कॉटलंडमध्ये प्रिस्क्रिप्शनच्या औषधांना पैसे पण पडत नाहीत. युनिव्हर्सिटीचं काउन्सेलिंग फुकट असतं, हिवाळ्यात वेटिंग लागतं म्हणून ऑक्टोबरलाच फॉर्म भरा. व्हरमाँट युनिव्हर्सिटीच्या केली रोहन यांनी ह्याच आजारासाठी बोलण्याच्या थेरपीची दिव्याशी तुलना केलीये, त्या हिवाळ्यात दोन्ही सारखेच उपयोगी पडले पण दोन हिवाळ्यांनंतर थेरपीवाल्यांना त्रास परत व्हायचं प्रमाण कमी होतं. आणि जगणंच नको असं वाटायला लागलं तर दिवा-बिवा बाजूला, स्कॉटलंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या १११ ला फोन, इथं घरी असाल तर टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

एकटेपणावर पण दिव्याचा उपयोग नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या वेळी तर नाहीच. इकडं भर दुपारी बाराबंदी घातलेली माणसं, नंदीध्वज, संमती कट्ट्यावर अक्षता, फोनवरून "हर्र बोला हर्र" चा आवाज, मित्र ओरडतोय "काय बे, तिथं काय करालास, ये की", आणि माझ्या खिडकीबाहेर अजून नीट उजाडलेलं पण नाही. त्या दिवशी मला माणसं लागतात, दिवा नाही. म्हणून मग आम्ही चार-पाच जणी शनिवारी दुपारी बाहेर पडायला लागलो, पाऊस असला तरी, कारण ढगाळ आभाळाचा उजेड पण खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो. केल्विनग्रोव्ह पार्क, नाहीतर बोटॅनिक गार्डनमधला किबल पॅलेस, तो एकोणिसाव्या शतकातला मोठा काचेचा महाल आहे, आत हिरवीगार झाडं आणि आत जायला पैसे लागत नाहीत. तिथं बाकावर बसून शेंगा पोळी खाल्लीये आम्ही.

पाचपैकी चार स्टार देते, एक स्टँडचा कापला. सप्टेंबरच्या शेवटाला घेऊन ठेवा, उदास वाटायला लागल्यावर ऑर्डर करायची पण ताकद राहत नाही. इथून न्यायचा विचार करू नका. ब्रिटनमध्ये आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे पण पिन वेगळी, आणि बिघडला तर परत कुठं करणार. कॅनडाला जाणाऱ्यांनी तर नकोच, तिथं १२० व्होल्टची लाइन आहे, माझ्या मावसभावाला एडमंटनला हेच सांगितलंय की तिथंच घे आणि खोक्यावरचं अंतर वाचून घे.