एअर इंडियाचे जम्बो: ७४७-२०० की ७४७-४००?

एअर इंडियाच्या जम्बोची, म्हणजे बोइंग ७४७ विमानाची, एकच प्रतिकृती बांधायची, तर १९७१ मध्ये मुंबईत आलेल्या 'एम्परर अशोक'च्या पिढीची (७४७-२००) बांधावी की १९९३ पासूनच्या 'कोणार्क'च्या पिढीची (७४७-४००), असा प्रश्न एका तरुण स्नेह्याने विचारला आहे.

पल्ल्यात ७४७-४०० सरस आहे. तिचा पल्ला सुमारे १३,४०० किलोमीटर, तर ७४७-२०० चा त्याहून हजारभर किलोमीटरने कमी. तरीही मुंबई-लंडन-न्यूयॉर्क मार्गावर एअर इंडियाची ओळख जुन्या पिढीनेच घडवली. ७४७-२०० च्या कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या मागे फ्लाइट इंजिनिअर इंधन आणि इंजिनांच्या असंख्य मापकांवर लक्ष ठेवून बसे. ७४७-४०० मध्ये ते काम संगणकांकडे गेले आणि दोघेच वैमानिक पुरेसे ठरले.

बांधणीचे कष्ट मात्र वेगळे आहेत. दोन्हींची लांबी साधारण ७०.६ मीटर, म्हणजे १:१४४ प्रमाणात ४९ सेंटिमीटर. ७४७-४०० चा वरचा मजला लांबवलेला आणि पंखांची टोके वर वळलेली असल्याने तिथे काळजी घ्यावी लागते, पण खरा कस लागतो तो प्रत्येक खिडकीभोवतीच्या लाल झरोक्यांच्या महिरपींपाशी. त्या ब्रशने रंगवण्याच्या फंदात पडू नये, डिकॅलच (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील नक्षी) वापरावे.

एअर इंडियाचे बोधचिन्ह असलेल्या महाराजाच्या वैभवाचा काळ जपायचा असेल, तर ७४७-२०० घ्यावी. 'अजंठा', 'वेल्हा गोवा' अशा आपल्या मुलखाच्या नावांची ओढ असेल, तर ७४७-४०० निवडावी.