ड्रायव्हर बसेना, कारण कार्डच वेगळं होतं

भाचा ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर शिकतोय. त्याच्या उबुंटूवाल्या (हा लिनक्सचाच एक प्रकार) पीसीसाठी मी जुन्या वस्तूंच्या एका ॲपवरून ग्राफिक्स कार्ड घेतलं. जाहिरातीत लिहिलं होतं 'जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, ७ दिवस टेस्टिंग वॉरंटी'. ५,५०० रुपये यूपीआयने पाठवले आणि चार दिवसांत कुरिअर आलं. कार्ड स्वच्छ होतं, पंख्यावर धुळीचा कण नव्हता, स्टिकरही अगदी नवा. मागे व्हीजीए पोर्ट, म्हणजे मॉनिटर जोडायची जुनी ॲनालॉग जागा होती. आमचा मॉनिटर जुना, व्हीजीएवालाच, त्यामुळे कन्व्हर्टरचा खर्च वाचला म्हणून उलट बरंच वाटलं.

स्क्रीनवर चित्र लगेच आलं. पण चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचा ५३५ क्रमांकाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून रिस्टार्ट केलं आणि एनव्हिडिया-एसएमआय ही कार्ड तपासायची कमांड चालवली, तर ड्रायव्हरशी संपर्कच होत नाही असं उत्तर. ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये तर कार्ड दिसतच नव्हतं.

विकणाऱ्याला मेसेज केला. त्याचं उत्तर शब्दशः लक्षात आहे: "दादा, लिनक्सवर ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असतोच. कार्ड एकदम ओके आहे, विंडोज टाकून बघा." सोबत विंडोजचा स्क्रीनशॉट, त्यावर ठळक '१०५० टीआय'. मला ते पटलं. लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरशी झटापट केलेली असते, आणि याच अनुभवाचा त्या माणसाने फायदा घेतला.

पुढचे दिवस मी चूक माझ्याच मशीनमध्ये शोधत बसलो. सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणाऱ्या सिक्युअर बूटमुळे ड्रायव्हरचं मॉड्यूल अडत असेल म्हणून आधी निळ्या पडद्यावर पासवर्ड देऊन की नोंदवली, मग सिक्युअर बूटच बंद केलं. नूवो हा लिनक्ससोबतच येणारा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केला, स्क्रीनवर चित्र दाखवणारी वेलँड ही व्यवस्था सोडून जुन्या एक्स-ऑर्गवर आलो, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभाच बदलला. एकदा तर सगळं पुसून उबुंटू २२.०४ नव्याने टाकलं. रात्री दोन-दोनपर्यंत भाचा शेजारी बसून असायचा. उबुंटू मला स्वतःहून ३९० ड्रायव्हर सुचवत होतं, पण एवढा जुना कशाला म्हणून मी तो बाजूला सारत होतो. खरं तर मशीन तेव्हाच खरं सांगत होतं.

नवव्या दिवशी डीमेसेजचा लॉग, म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद, सावकाश वाचला. त्यात सरळ लिहिलं होतं की या मशीनमधलं जीटीएक्स ५५० टीआय ३९० या लेगसी (जुन्या कार्डांच्या) ड्रायव्हरवर चालतं, ५३५ त्याच्याकडे दुर्लक्ष करेल. ५५० टीआय? मग मशीनमध्ये लावलेली कार्डं दाखवणारी एलएसपीसीआय ही कमांड चालवली, तिथेही जीएफ११६ ही चिप, जीटीएक्स ५५० टीआय. नूवोवर असताना सेटिंग्जच्या 'अबाउट'मध्ये ग्राफिक्सपुढे 'एनव्हीसीएफ' असं दिसायचं. ते जीएफ११६चंच सांकेतिक नाव आहे. खऱ्या १०५० टीआयला तिथे एनव्ही१३७ दिसायला हवं.

१०५० टीआय आलं ऑक्टोबर २०१६ मध्ये, त्यात ७६८ कुडा कोअर (कुडा म्हणजे कार्डावर गणित करून घ्यायची एनव्हिडियाची पद्धत). ५५० टीआय मार्च २०११ चं, त्यात १९२. फसवणारे कार्डातलं बायोस, म्हणजे कार्डाची माहिती सांगणारं सॉफ्टवेअर, बदलून नाव आणि मेमरी खोटी दाखवतात, वर नवा स्टिकर लावतात. हा प्रकार इतका पसरला की विंडोजवरच्या जीपीयू-झेड या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने २०१८ मध्ये अशी कार्डं ओळखून नावापुढे 'फेक' दाखवायला सुरुवात केली. बायोसमधलं नाव बदलता येतं, पण नूवो चिपच्या रजिस्टरमधून तिची ओळख वाचतो, तिथे लपवाछपवी चालत नाही. ३९० ड्रायव्हर बसला असता, पण ब्लेंडरने २.८ पासून या पिढीच्या कार्डांना कुडावर रेंडर करणं बंद केलंय, म्हणजे आमच्या कामाला ते शून्य. आणि ज्या व्हीजीए पोर्टने मी खूश झालो, तोच पहिला पुरावा होता: १०५० टीआयच्या चिपला ॲनालॉग आउटपुटच नसतं.

खात्रीसाठी हीटसिंकचे चार स्क्रू काढले. पेस्ट कापसाने पुसली तशी चिपवरची अक्षरं वर आली: जीएफ११६. फोटो काढून विकणाऱ्याला पाठवला. "वॉरंटी संपली" एवढं उत्तर आलं आणि दहा मिनिटांत ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पैसे अजून आलेले नाहीत.

तुम्ही जुनं कार्ड घेणार असाल तर पैसे देण्याआधी ते चालू मशीनमध्ये लावून एलएसपीसीआयचा स्क्रीनशॉट मागा, पेन ड्राइव्हवरचं लाइव्ह उबुंटू त्यासाठी पुरतं. कुरिअरने आलं तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी, पहिल्याच दिवशी ही एक कमांड चालवा. १०५० टीआय असेल तर त्याची चिप, जीपी१०७, दिसली पाहिजे. दुसरं काही दिसलं तर त्याच तासाला परत करायला काढा. माझे वॉरंटीचे सात दिवस कर्नल बदलण्यात गेले.