सुलकाटा कासवाचा आहार: गोळीखाद्य की परसातील हरळी?

आफ्रिकन सुलकाटा कासव घरी असणाऱ्यांना आहाराबाबत लवकरच निर्णय घ्यावा लागतो: पाकिटातले गोळीखाद्य द्यावे, की परसातला हिरवा चारा. (तारांकित कासवाचा प्रश्नच येत नाही, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ते घरी पाळणे हा गुन्हा आहे. सुलकाटाची नोंदही २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते.) सांगलीतील आमच्या घरी दोन्ही प्रकार पुरेसे वापरून झाले आहेत.

गोळीखाद्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात, ते बारमाही मिळते, आणि आपण गावाला गेलो तर शेजाऱ्यांना समजावून सांगणेही सोपे जाते. हिरव्या चाऱ्यात मात्र पारख आपल्यालाच करावी लागते. हरळी, जास्वंदाची पाने-फुले आणि काटे काढलेला फड्या निवडुंग चालतो. पालक आणि घोळ यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून ते नेहमी देऊ नयेत. आपल्याकडे सहज मिळणारे उसाचे वाडेही याच कारणासाठी टाळावे. वाड्यावर पोसलेल्या जनावरांना चुन्याची निवळी पाजायला सांगतात, ते उगाच नव्हे. शेताच्या बांधावरचे गवत तणनाशकाच्या भीतीने आम्ही आणतच नाही.

एवढे व्याप असूनही आमचा कल हरळीकडे झुकला, तो मुंग्यांमुळे. गोळ्या भिजवून द्याव्या लागतात, आणि कासव काही एका बैठकीत जेवण उरकणारा प्राणी नव्हे. दोन घास खाऊन ते उन्हात जाऊन बसते आणि सावकाश परत येते. एप्रिलच्या उन्हात तेवढ्या वेळात गोळ्या आंबतात, ताटलीपर्यंत मुंग्यांची रांग लागते, आणि खायला मान बाहेर काढलेल्या कासवाच्या डोळ्यांभोवती त्या चढतात. पाण्याच्या परातीत ताटली ठेवली, तर कासव परातीतच चढून सगळे उलथून टाकते. मुंग्यांची पावडर तर त्याच्या वाटेत टाकताच येत नाही. जमिनीत उगवलेल्या हरळीला मुंग्या लागत नाहीत, आणि कासव ती दिवसभर हिंडत चरते.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील गवताळ पट्ट्यातून आलेल्या या प्राण्याला भरपूर तंतू आणि बेताची प्रथिने लागतात, हेही हरळीच्याच बाजूने जाते. तरीही पाठीवरील कवचाला येणाऱ्या उंचवट्यांचा सगळा दोष गोळीखाद्याला देणे योग्य होणार नाही. सुलकाटाच्या पिल्लांवरील, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रथिनांपेक्षा हवेतील कोरडेपणाचा परिणाम अधिक दिसला होता. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (माकुळाच्या अंगातील पांढऱ्या कवचाचा) तुकडा आणि सकाळचे ऊन मात्र दोन्ही आहारांत लागतेच.

विश्रामबागेतील एखाद्या फ्लॅटमध्ये, जिथे माती म्हणजे चार कुंड्या, तिथे कदाचित गोळीखाद्यच सोयीचे ठरेल, अर्थात पूर्ण वाढीनंतर चाळीस किलोंच्या पुढे जाऊ शकणारा हा प्राणी तिथे किती काळ मावेल, हा विचार आधी करावा. घ्यायचेच झाल्यास गवतापासून बनवलेले, तंतू जास्त असलेले पाकीट निवडावे आणि उरलेल्या गोळ्या लगेच उचलाव्यात. आमच्याकडेही एक पाकीट असते. ते पावसाची झड लागली की उघडले जाते.