रिटायर झाल्यावर राहायचं कुठे: गावचं घर, डोंबिवलीचा फ्लॅट की मुलाकडे?

पीएफ-ग्रॅच्युइटी हातात आली की घराघरात एकच विषय निघतो, आता गावी जाऊया का. काढतात बहुतेक वेळा पुरुष, आणि तेही गणपतीहून परतल्या परतल्या, कारण तेव्हा घर भरलेलं असतं, भजनं झालेली असतात आणि मोदक दुसऱ्या कोणीतरी वळलेले असतात. आमचं गाव कणकवलीजवळ, फ्लॅट डोंबिवलीत, मुलगा-सून बंगळुरूला. तिन्हीकडे राहून झालंय, म्हणून जे ठरवायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं मी त्यावरच तोलते. दोघांसाठी जागा शोधू नका, दोघांपैकी जो मागे राहील त्याच्यासाठी शोधा. असं बोललं की "काय अभद्र बोलतेस" ऐकावं लागतं, पण दोघं एकदम जात नाहीत ना. दोघं धडधाकट असताना तिन्ही जागा छानच आहेत, तेव्हा तुलना करायची तर तब्येत बिघडल्यावरची करा.

आता गाव. हवा, पाणी, अंगण, पडवीत बसून पेपर वाचणं, सगळं खरं आहे. खर्च कमी हे मात्र अर्धंच खरं. भाजी-नारळ घरचं असेल, पण कौलं परतायला माणूस लागतो, नारळ काढायला लागतो, पंप बिघडला की लागतो, आणि माणूस मिळतच नाही, तरुण पोरं सगळी मुंबई-गोव्याला, आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी. आणि जे लावाल ते वानर खातात, हे मी रागाने नाही, अनुभवाने सांगतेय. जून ते सप्टेंबर वेगळंच गाव असतं. लाईट जाते, तिच्यामागून मोबाईलची रेंज जाते, आणि चिऱ्याच्या पायऱ्यांवर अशी शेवाळ धरते की संडास-न्हाणीघर बाहेर असेल तर रात्री उठायचीच भीती. कमरेचं हाड मोडायला एवढं पुरतं.

डॉक्टरचं म्हणाल तर सर्दी-तापाला गावात सोय आहे, साधं काही असेल तर कणकवली. मोठं काही झालं की सिंधुदुर्गातले लोक अजूनही गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात धावतात, चिपळूणकडचे डेरवणच्या हॉस्पिटलात जातात. दिवसा गाडी मिळते, रात्री ड्रायव्हर शोधायचा. दोघं असाल तर एक जण शोधेल, एकटं असेल तर कोण? शेजारी धावून येतात हे मात्र शंभर टक्के, दार दोन दिवस उघडलं नाही तर हाक मारायला कोणीतरी येतंच. पण येणारेसुद्धा सत्तरीचेच.

आणि सातबारा बघा आधी! घर सामाईक असेल तर नवीन बाथरूम बांधायलाही दीर-जावांची तोंडं बघावी लागतात. रिटायरमेंटचे पैसे अशा घरात घालण्याआधी वाटणीचं लिहून घ्या, नाहीतर टाईल्स तुमच्या आणि हक्क सगळ्यांचा.

डोंबिवलीच्या फ्लॅटबद्दल कोणी कविता करत नाही. पण खाली उतरलं की केमिस्ट, निवडलेली भाजी, पोळीभाजी केंद्र, रिक्षा, दोन चौक सोडून हॉस्पिटल. ज्येष्ठ नागरिक संघात जायला कोणाची परवानगी नको. एकट्या बाईला किंवा एकट्या पुरुषाला इथे निभावून नेता येतं, हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुण. दोष एकच आणि तो जबरदस्त, जुन्या सोसायट्यांना लिफ्ट नाही. आमचा तिसरा मजला. गुडघे गेले की तिसरा मजला म्हणजे तुरुंगच, खाली सगळं असून उपयोग शून्य. लिफ्ट होईल, रिडेव्हलपमेंट होईल म्हणून किती घरं वाट बघत बसलीत, आणि झालं तर त्या वयात दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात सामान हलवत राहायचं. माझं मत विचाराल तर वाट बघू नका, आपला भाड्याने द्या आणि त्याच गल्लीत लिफ्टवाला भाड्याने घ्या. वरचे चार पैसे जातील, पण दूधवाला, डॉक्टर, मैत्रिणी त्याच राहतात.

मुलाकडे राहायचं तर सोय उत्तम. लिफ्ट, गेटवर सिक्युरिटी, रात्री पोटात दुखलं तर शेजारच्या खोलीत माणूस. नातवंडं तर काय सांगू. पण आठवडाभर मजा आणि तीन महिने यात फरक आहे. दोघं कामाला गेले की दहा ते सात आपण, टीव्ही आणि नातवाची शाळेची बस. भाषा येत नाही म्हणून साधी भाजी आणायचीही हिंमत होत नाही पहिल्यांदा. स्वयंपाकघर सूनबाईचं, आणि ते तसंच असावं, पण चाळीस वर्षं आपल्या हाताने डबे लावलेल्या बाईला हिंग कुठे आहे विचारावं लागणं जड जातं. पुरुषांना हे कळत नाही, त्यांना चहा कुठल्याही घरात आयताच मिळतो. त्यामुळे मुलाच्या घरात राहण्यापेक्षा त्याच कॉम्प्लेक्समध्ये छोटा वन बीएचके भाड्याने घेतलेला बरा, दोन्हीकडची भांडी कमी वाजतात. परवडायला मात्र हवं, आणि बंगळुरूची भाडी काही कमी नाहीत.

परदेशात मूल असेल तर लांबलचक लिहीत नाही. अमेरिकेत व्हिजिटर म्हणून गेलात तर साधारण एका वेळी सहा महिने, कॅनडाच्या आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं पण मेडिकल इन्शुरन्स लागतो. म्हणजे घर इकडे ठेवावंच लागतं. पुण्यात सिनियर सिटिझन लोकांसाठी बांधलेल्या सोसायट्याही आहेत, जेवण-नर्सिंगची सोय जवळ, फक्त महिन्याचा मेंटेनन्स तुमच्या पेन्शनला झेपतो का ते बघा, आणि एकाच्या पश्चात कमी होणाऱ्या पेन्शनला झेपतो का तेही.

पैशाचं थोडं. कुठेही गेलात तरी पहिलं वर्षभर काही विकू नका. सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये एका माणसाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, पाच वर्षांची मुदत, व्याज तीन महिन्यांनी, म्हणजे नवरा-बायकोची वेगवेगळी खाती काढता येतात. बायकोच्या नावावर काहीतरी असू द्याच. महाराष्ट्रात मुलांच्या नावे राहतं घर बक्षीसपत्राने करायला स्टॅम्प ड्युटी फक्त 200 रुपये, त्यामुळे लोक भराभर करून टाकतात. करायचंच असेल तर आई-वडिलांना सांभाळण्याची अट दस्तात लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलांनी सांभाळलं नाही तर असं हस्तांतर रद्द करायची सोय आहे, पण अटच लिहिली नसेल तर भांडत बसावं लागतं. सत्तरी उलटली असेल तर सरकारच्या आयुष्मान योजनेचं, 5 लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं कार्ड काढा, उत्पन्न कितीही असो मिळतं, फक्त जिथे राहणार तिथलं जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे हे आधी शोधा. गावाच्या बाजूने एक मार्क मात्र द्यावा लागेल, 75 नंतर एसटी फुकट, त्याआधी 65 पासून अर्धं तिकीट. रेल्वेची सवलत 2020 मध्ये गेली ती गेलीच.

आमचं ठरलंय ते असं: मुक्काम डोंबिवली, लिफ्टवाल्या घरात, गाव नोव्हेंबर ते मे जमेल तसं, बंगळुरू बोलावतील तेव्हा. पेन्शनसाठी नोव्हेंबरात द्यायच्या हयातीच्या दाखल्यासाठी आता बँकेत जावं लागत नाही, फोनवर चेहरा दाखवून होतो, त्यामुळे नोव्हेंबरात अडकून पडायचं कारण उरलं नाही. तुमचं वेगळं ठरू शकतं, ज्यांचा सख्खा भाऊ गावी शेजारीच राहतो त्यांचं गणितच वेगळं.

ठरवायच्या आधी एक परीक्षा घ्या. मे महिन्यात नाही, जुलैत. बायकोने गावच्या घरी आठवडाभर एकटीने राहायचं आणि नवऱ्याने फ्लॅटवर एकट्याने, मुलांनी मध्ये पडायचं नाही. मी गावी राहिले, दोन रात्री लाईट नव्हती, तिसऱ्या दिवशी धाकटी जाऊ येऊन झोपली सोबतीला. इकडे ह्यांचा दुसऱ्या दिवशी फोन, पोळीभाजी केंद्र मंगळवारी बंद असतं का गं?