डाळपुरी की इटलचं पातेलं?

गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, ‘साखर काठावर आहे.’ मग घरात नेहमीचंच सुरू झालं: भात बंद, पोळ्या मोजून, संध्याकाळी काकडी. तीन आठवडे टिकलं. आम्ही टोरांटोच्या स्कारबरो भागात राहतो. इथे दहा मिनिटं चाललं की त्रिनिदादी रोटीचं दुकान लागतं आणि त्याच रस्त्यावर पुढे एक जमैकन खानावळ. शाकाहारी माणसाची सोय म्हणून दोन्हीकडे आमचं येणं-जाणं होतंच. काकडीचा मला वीट आलेला पाहून एकदा बायको म्हणाली, "अहो, मग तिथलंच घरी करून बघू की." त्याला आता सव्वा वर्ष झालं.

कुणाला असंच काही सुरू करायचं असेल आणि कुठून ते ठरत नसेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कडधान्यं खा, फळं खा, कोंडा टाकू नका हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रश्न एवढाच की कॅरिबियन पद्धतीच्या बिनमांसाच्या जेवणात आपल्याला जमतील असे दोन ठळक प्रकार आहेत. एक त्रिनिदादचं रोटी, चना आणि तलकारी, म्हणजे मसालेदार भाजी. दुसरं जमैकाच्या रास्ताफारी लोकांचं इटल. आठवड्यातले चार दिवस यातलं कुठलं निभतं?

त्रिनिदादच्या जेवणात शिरायला मराठी माणसाला दार ठोठवावं लागत नाही. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ हे जहाज करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं, आणि १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसं हिंदुस्थानातून त्या बेटावर गेली. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातली. म्हणजे स्वयंपाकघर आपलं नव्हे, पण शब्द ऐकून माणूस चमकतो. जिऱ्याला ते ‘गीरा’ म्हणतात, वरणाला फोडणी देण्याला ‘चुंके’, वांग्याच्या भरताला ‘बैंगन चोखा’, आणि पालेभाजीला चक्क ‘भाजी’. ‘सहीना’ खाल्लीत तर आपल्या अळुवडीची ती लांबची बहीण आहे हे कुणी सांगावं लागणार नाही. आमच्या मजल्यावर एक त्रिनिदादच्या बाई राहतात, त्यांना सगळे टँटी म्हणतात. मावशी, काकू, आत्या सगळं त्या एकाच शब्दात. टँटींच्या लाल भोपळ्याच्या तलकारीत लसूण, गीरा आणि एक तिखट मिरची, बस. भोपळा पार गळेपर्यंत मंद आचेवर. आमच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा भोपळा मागून घेतला तो त्यांच्याकडे.

त्यामुळे सुरुवात इथूनच झाली. चना झकास झाला. शाडो बेनी नावाची लांब, करवती कडांची पानं लागतात, वास कोथिंबिरीच्या चौपट. तिथले भारतीय वंशाचे लोक तिला बनधनिया म्हणतात. इथे ती व्हिएतनामी दुकानात जुडीने मिळते. भाज्या, चोखे, वरण यांत नाव ठेवायला जागा नाही. अडलं ते रोटीपाशी.

डाळपुरी हा त्या ताटाचा राजा. आपल्याकडे चणाडाळीचं पुरण, तिथे पिवळ्या वाटाण्याची डाळ. ती अशी शिजवायची की दाणा अंगठ्याने दाबला तर तुटावा, पण लगदा होऊ नये. मग निथळून, पार कोरडी करून, भाजलेलं जिरं, लसूण आणि मिरची घालून भुगा करायचा. तो उंड्यात भरून रोटी लाटायची, आणि लाटायची म्हणजे मोठ्या तव्याएवढी, पातळ. मैद्याची असेल तर होते. मी ती गव्हाची करायला गेलो.

पहिल्या रविवारी सहापैकी पाच फाटल्या. फाटल्या म्हणजे कडेला चीर गेली असं नाही. लाटणं फिरलं की मधोमध भोक पडायचं, त्यातून पिवळा भुगा पोळपाटावर, तिथून तव्यावर, आणि तिथे तो जळून घरभर धूर. धुराची घंटा वाजली, टँटी दार वाजवून चौकशी करून गेल्या. बायकोचा मुद्दा बिनतोड होता: "पुरणपोळी कणकेची होते, मग हिला काय धाड भरली?" त्यावर पुढचे चार रविवार गेले. माझ्या समजुतीप्रमाणे कारण असं: पुरणात गूळ असतो, ते मऊ आणि चिकट असतं, कणकेबरोबर सरकतं. डाळपुरीचा भुगा कोरडा आणि रवाळ, तो आतून कणकेला घासतो. त्यात कोंड्यामुळे कणकेचा ताण आधीच कमी. डाळ जरा जास्त शिजवून मऊ सारण केलं तर पाणी सुटून उंडा पचपचीत. कणीक दोन तास भिजवून ठेवली, तेल वाढवलं, कोमट दूध घातलं. थोडा फरक पडला. खरा फरक पडला तो अर्धा मैदा घातल्यावर.

इथेच माझी गाडी घसरली. अर्धा मैदा घातला की रोटी जमते, मग पुढच्या वेळी वाटतं थोडा अजून घालू, छान सुटेल. दोन महिन्यांत पिठाच्या डब्यात पाऊण मैदा होता आणि मी स्वतःला ‘होल व्हीट रोटी खातो’ असं सांगत होतो. ज्या दिवशी वेळ नसे त्या दिवशी दुकानातून बस-अप-शट आणायचो. हा तुपातेलाचा, तव्यावरच बडवून चिंध्या केलेला पराठा. फाटक्या शर्टासारखा दिसतो म्हणून ‘बस्टेड-अप शर्ट’वरून ते नाव. चव अशी की पथ्य वगैरे शब्द तोंडात येत नाहीत. तीन वाजताच्या मीटिंगमध्ये मात्र डोळे मिटायचे.

कुणी म्हणेल, सादा रोटी कर ना. तीही त्रिनिदादचीच, सकाळी चोख्याबरोबर खातात. बरोबर आहे. पण ती गव्हाची केली की जाड फुलका होतो आणि शेजारी वांग्याचं भरीत. हे मी अमरावतीला लहानपणापासून खात आलोय. ओळखीच्या जेवणापुढे माझा हात सैल सुटतो. दोन फुलक्यांचे चार कधी होतात कळत नाही. हा दोष माझा, रोटीचा नाही. तुमच्या घरी मोजून खाणारी माणसं असतील तर हा परिच्छेद सोडून द्या. डबल्सबद्दल फार बोलत नाही: तळलेले दोन बारे, म्हणजे मऊ पुऱ्या, आणि मधे चना, महिन्यातून एकदा, दुकानासमोर उभं राहून.

इटलकडे आम्ही वळलो ते खरं तर वैतागून.

रास्ताफारी पंथ १९३० च्या दशकात जमैकात उभा राहिला. ‘व्हायटल’ शब्दातलं पहिलं अक्षर काढून त्याजागी त्यांचा लाडका ‘आय’ बसवला की झालं ‘आयटल’. मी आपलं इटल म्हणतो. जिवंत, मातीतून आलेलं, डबाबंद नसलेलं अन्न. कट्टर मंडळी मांस तर सोडाच, मीठही घालत नाहीत. जमैकातही करारबद्ध भारतीय मजूर गेले होते, सुमारे ३६,०००, आणि रास्तांच्या शाकाहारावर त्यांची छाया आहे असं काही अभ्यासक मानतात. पंथाच्या पहिल्या प्रचारकांपैकी लेनर्ड हॉवेल यांनी स्वतःला ‘गांगुंगुरू मराघ’ असं टोपणनाव घेतलं होतं. त्यातला ‘मराघ’ म्हणजे आपला महाराज. हे कळल्यावर खानावळीतल्या जटाधारी स्वयंपाक्याकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

घरी करायला इटल म्हणजे एक पातेलं. रात्री राजमा भिजवायचा, सकाळी कुकरला लावायचा (स्लो कुकरमध्ये कच्चा टाकू नका, राजमा नीट उकळलाच पाहिजे, नाहीतर पोट बिघडतं). मग पातेल्यात लाल भोपळा, पिवळा याम नावाचा कंद, कच्ची केळी, गाजर, चो-चो नावाची दुधीसारखी फळभाजी, नारळाचं दूध, थाइमच्या काड्या, कांद्याची पात आणि पाच-सहा दाणे पिमेंटोचे. पिमेंटो दिसायला मिऱ्यासारखं, वासाला लवंग, दालचिनी, जायफळ एकत्र. शेवटची पाच मिनिटं मूठभर कॅलालू. सोबत हातसडीसारखा ब्राऊन राइस. त्याला पाऊण तास लागतो, तेवढ्यात पातेलंही होतं. लाटणं नाही, फाटणं नाही, पिठाच्या डब्यात चोरून मैदा मिसळायची सोय नाही.

कॅलालूवरून एक सावधगिरी. त्रिनिदादमध्ये कॅलालू म्हणजे अळूची पानं, भेंडी आणि नारळाच्या दुधात शिजवलेली, थेट आपल्या फतफत्याच्या वळणाची. जमैकात कॅलालू म्हणजे माठ. बायकोने एकदा फतफत्यासाठी कॅलालू आणायला सांगितलं आणि मी जमैकन दुकानातून तीन जुड्या माठ घेऊन आलो. तेव्हापासून किराणा यादीत आमच्याकडे मराठीच नाव लिहितात.

इटलला खोड नाही असं नाही. याम सोलताना सुरणासारखे हात खाजतात, तेल लावून घ्यावं. नारळाचं दूध सढळ हाताने घातलं तर पथ्याचा अर्थ राहत नाही. मी अर्धी वाटी घालतो, बाकी पाणी. आणि स्कॉच बॉनेट मिरची. ती पातेल्यात अख्खी, देठासकट सोडायची, वास उतरला की अलगद उचलून काढायची. तिसऱ्या वेळी मी डाव जोरात फिरवला आणि ती फुटली. फुटली हे कळलं पहिल्या घासाला. मुलगा दह्याचं भांडं घेऊन बाल्कनीत जाऊन बसला. आता ती मिरची मी दोऱ्याने बांधून सोडतो, दोरा पातेल्याच्या कानाला.

मिठाचं सांगायचं तर पहिल्या दिवशी बायको म्हणाली, "मीठ राहिलंय." मी म्हटलं, राहिलं नाही, घातलंच नाही. तिने एक घास खाल्ला, माझ्याकडे पाहिलं आणि लिंबू पिळलं. लिंबू, थाइम आणि पिमेंटोने बरंचसं भागतं. बरंचसं.

पण ज्या गोष्टीने मला जिंकलं ती तूर. जमैकात नाताळच्या सुमारास ओल्या तुरीचे दाणे येतात, ते त्यांना गुंगो पीज म्हणतात, आणि सणाला ते भातात, नारळाच्या दुधात शिजवतात. एकदा ते फ्रोजन मिळाले. ब्राऊन राइसमध्ये घातले, झाकण काढलं आणि वाफ आली ती थेट डिसेंबरातल्या वऱ्हाडातली. सोलेभात! कढीपत्त्याऐवजी थाइम, तेलाऐवजी नारळ, पण दाणा तोच, तसाच किंचित दुधाळ. आईला व्हिडिओ कॉलवर पातेलं दाखवलं तर ती म्हणाली, "सोले कुठून आणलेस रे?" जमैकाचे आहेत म्हटलं तर तिचा विश्वास बसेना. राजापूरच्या माझ्या बायकोचं असंच नीरफणसाबाबत झालं. १७९३ मध्ये कॅप्टन ब्लाय यांनी मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालायला ताहितीहून तो जमैकात नेला, आणि आता तिथे तो निखाऱ्यावर अख्खा भाजून खातात. ती मात्र काप करते, रव्यात घोळवून. इटलवाले नाक मुरडतील, पण आमच्याकडे ते बसतं.

फळांचा विचार केला तर मी त्रिनिदादच्या बाजूला. जमैकात चिकूला नेसबेरी म्हणतात, सीताफळाच्या भावकीतलं सावरसॉप आहे, आंब्याची एक जात तर चक्क ‘बॉम्बे’ नावाची. पण फळ खायची युक्ती त्रिनिदादकडे आहे. तिला म्हणतात चाव: अर्धवट पिकलेला आंबा किंवा अननस, त्यावर लसूण, शाडो बेनी, मिरची, लिंबू. कैरीला तिखट-मीठ लावून खाल्लेल्याला हे समजावून सांगायला नको. संध्याकाळी पाचला बिस्किटांच्या डब्याकडे जाणारा माझा हात अननसाच्या चावने थांबवला. हे काम काकडीला जमलं नव्हतं.

मापं म्हणाल तर माझ्याकडे फारशी नाहीत. पट्ट्याचं एक भोक आत गेलं, तीन वाजता झोप येत नाही, आणि डॉक्टर पुढच्या वेळी फक्त ‘चालू ठेवा’ म्हणाले. त्याच काळात मी बसऐवजी पायी जायला लागलो होतो, त्यामुळे सगळं श्रेय पातेल्याला देणं बरोबर नाही. डाळपुरी कणकेची नीट जमवणारे हात तुमच्या घरी असतील, तर त्रिनिदादचं ताट जास्त रंगीत आहे, मुलं लवकर रुळतात, आणि पाहुण्यांसमोर ते शोभतं. माझे हात तसे नाहीत. सोमवार ते गुरुवार आमच्याकडे इटल, शुक्रवारी चना-तलकारी आणि मोजून दोन सादा रोट्या. डाळपुरी टँटी पाठवतील तेव्हा.

परवा त्या खानावळीत स्वयंपाक्याला अभिमानाने सांगितलं की आता घरी इटलच करतो. त्याने छातीवर मूठ ठेवून आशीर्वाद दिला आणि विचारलं, मीठ घालत नाही ना? मी मान हलवली, आपली भारतीय मान, जिचा अर्थ इथे कुणालाच नीट लागत नाही. अर्धा चमचा घालतो.